डेनिस सँडोल : फिलाडेल्फियातील एक जॅझ-गुरू

1913 मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेल्या गिटारवादक डेनिस सँडोल यांनी टॉमी डॉर्सी, चार्ली बार्नेट आदींच्या बिग बँडमध्ये, म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचे स्वतंत्र ताफे असलेल्या मोठ्या वाद्यवृंदांत, वादन केले. तथापि जॅझच्या इतिहासात त्यांचे स्थान पक्के झाले ते शिक्षक म्हणून. फिलाडेल्फियातील ग्रॅनॉफ स्टुडिओज या संगीतशाळेत 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्यांच्याकडे शिकू लागले, तेव्हा प्रचलित जॅझच्या चौकटीपलीकडील स्वरपंक्ती आणि आधुनिक युरोपीय रचना यांचीही ओळख त्यांना झाली. सँडोल यांच्या शिकवणीत तृतीय-संबंधांना, म्हणजे तिसऱ्या स्वराच्या अंतरावरील स्वरसंगतींच्या नात्यांना, विशेष महत्त्व होते. सप्तकातील बारा अर्धस्वरांचे चार-चारांचे तीन समान भाग पाडले की बी, जी आणि ई-फ्लॅट असे स्वर हाती येतात, आणि त्यांना आळीपाळीने षड्ज मानल्यास रचनेचा आधारस्वर सतत बदलत राहतो. कोल्ट्रेन यांनी 1959 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘जायंट स्टेप्स’ ही रचना नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. गिटारवादक पॅट मार्टिनो हेही सँडोल यांचेच शिष्य होते. सँडोल 2000 मध्ये निवर्तले. त्यांचे स्वतःचे ध्वनिमुद्रित वादन मोजकेच असले, तरी त्यांची विद्या शिष्यांच्या वादनातून टिकून राहिली.