थर्मामीटरचा हिशेब

माझी थोरली बहीण 36 वर्षे सरकारी रुग्णालयात नर्स होती. 2018 साली ती निवृत्त झाली. निरोप समारंभात तिला शाल, श्रीफळ आणि हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची तसबीर मिळाली. शाल तिने आईला दिली, नारळाच्या त्याच आठवड्यात वड्या झाल्या आणि तसबीर कपाटामागे गेली. असे का, म्हणून विचारले, तर ताई म्हणाली, की या बाईच्या हातातला दिवाच सगळ्यांना दिसतो, तिची वही कुणाला दिसत नाही.

माझा हौशी अभ्यास तोवर जुन्या नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यापलीकडे गेलेला नव्हता. त्या एका शेऱ्याने मला या वाटेला लावले.

वहीचे म्हणणे खरेच निघाले. नाइटिंगेल 1854 साली क्रिमियन युद्धात 38 नर्सना घेऊन स्कुटारीला गेली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असते. पण ती मुळात आकडेवारीची बाई होती. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली स्त्री-सदस्य. सैनिक गोळीने कमी आणि घाणीने, रोगराईने जास्त मरतात, हे तिने तक्ते मांडून सरकारच्या गळी उतरवले. 1859 च्या तिच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे. त्यात दयाळूपणावर फारसा भर नाही. तिथे प्रश्न एवढाच, की मी हजर असताना जे नीट होते, ते मी नसतानाही तसेच होईल याची तजवीज मी केली आहे का? ताईला मी हा भाग मराठीत सांगितला, तेव्हा ती लगेच म्हणाली, "अरे, हे म्हणजे ओव्हर देणं." सकाळची पाळी दुपारच्या पाळीला वॉर्ड सोपवते, दुपारची रात्रीच्या पाळीला. कुणाचे सलाईन किती उरले, कुणाच्या लघवीचे माप घ्यायचे आहे, कुणाचा नातेवाईक पैसे आणायला गावी गेला आहे, हे सगळे त्यात येते. हे तोंडी-लेखी सोपवणे चुकले, तर डॉक्टर कितीही निष्णात असो, रुग्ण रात्रीतून हातचा जातो.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. दर 12 मे रोजी नर्सिंगच्या विद्यार्थिनी मेणबत्त्या घेऊन जी 'नाइटिंगेल शपथ' घेतात, ती नाइटिंगेलने लिहिलेलीच नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका नर्सिंग विद्यालयाने ती 1893 मध्ये तयार केली आणि नाव तिचे दिले. डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन मूळ शपथेत आहे. किती खाटांमागे किती नर्स असाव्यात, याबद्दल मात्र शपथ काही बोलत नाही. ते शपथेत कसे येणार, असे कुणी म्हणेल. पण माझ्या मते पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे हा घोळ 'सेवा' या शब्दात आहे. शब्द मोठा आहे, त्याचे मोल मला कमी करायचे नाही. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. ती सेवाच होती. पण सेवेचा पगार ठरवायचा कसा? मराठी सरकारी कागदांत स्टाफ नर्सला अधिपरिचारिका, वॉर्डाच्या सिस्टरला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका म्हणतात. बढती मिळेल तशी बाई परिचारिकेची सेविका होते! डॉक्टरच्या पदनामात सेवा कुठे आढळत नाही. तो वैद्यकीय अधिकारी.

या शब्दाआड एक जुनी अडचण होती. परक्या माणसाचे अंग पुसणे, मलमूत्र उचलणे, बाळंतिणीचे रक्त धुणे ही कामे जातीच्या उतरंडीत खालची. सुईण गावोगाव होती, पण तिला मान नव्हता. त्यामुळे प्रशिक्षित नर्सिंगमध्ये आधी ख्रिस्ती मुली आल्या, मिशन रुग्णालयांतून शिकल्या. मिरजेचे वानलेस रुग्णालय आपल्याला जवळचे उदाहरण. सवर्ण हिंदू घरांतून मुली पाठवायला कुणी तयार नव्हते.

ही कोंडी फोडायला पुण्यात रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती 1901 मध्ये गेले. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबतीला होते. ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुली, विशेषतः विधवा, पाठवण्याचे काम रमाबाईंनी हाती घेतले. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभाची हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली विधवा विद्यार्थिनी आलवणात व्यासपीठावर आली आणि गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई संतापल्या. तुम्ही स्वतःला शिकलेले म्हणवता, तुमच्या घरात अशी बालविधवा नाही का, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले. मला या प्रसंगात त्या मुलीचे राहून राहून नवल वाटते. ती त्या हुर्योतून चालत पुढे गेली, बक्षीस घेतले, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी ससूनच्या ड्यूटीवर हजर झाली असेल. तिचे नाव माझ्या वाचनात कुठे आलेले नाही.

मुली येऊ लागल्या, पण किती? 1943 मध्ये सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. मूळचे नाशिकचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले. 1946 मध्ये चार खंडांचा अहवाल आला. त्यातला एक आकडा मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे: देशात 43,000 माणसांमागे एक नर्स. डॉक्टरचे प्रमाण 6,300 माणसांमागे एक होते. ते वाईटच. पण नर्सचे त्याहून सातपट वाईट. म्हणजे हिंदुस्थानात एका नर्समागे सहा-सात डॉक्टर होते. जिथे नर्सनी डॉक्टरांपेक्षा संख्येने जास्त असायला हवे, तिथे हे उलटे चित्र. नर्सच्या राहण्याची, पगाराची आणि कामाच्या तासांची दुरवस्थाही समितीने नोंदवली. 1946 मध्येच दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले आणि 1947 मध्ये भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा 1966 चा.

परिषदेचे प्रमाण असे, की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स हवी. हा आकडा तीन पाळ्यांत वाटायचा, हे लोक विसरतात. म्हणजे कागदावर सगळे बरोबर असले, तरी एका वेळी एकीकडे पंधरा रुग्ण. ताईच्या रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, पण तिथे रात्री चाळीस खाटा, त्यांशिवाय जमिनीवरच्या गाद्या आणि ती एकटी, असे कित्येकदा झाले.

एकटेपणाचा विषय निघाला, की ताईच्या पिढीच्या नर्सच्या तोंडी एकच नाव येते. हळदीपूरहून मुंबईत आलेली अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयाच्या तळघरात ती ड्यूटीनंतर कपडे बदलायला गेली होती, तेव्हा तिथल्या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला कायमची इजा झाली. लैंगिक अत्याचाराचे कलम खटल्यात लागलेच नाही, आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतल्या नर्सनी संप केला. पुढची जवळजवळ 42 वर्षे, म्हणजे 18 मे 2015 पर्यंत, केईएमच्या नर्सनी तिला सांभाळले. 2011 मध्ये दयामरणाचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे कौतुक केले. इतक्या वर्षांत अंगावर एक शय्याव्रण नाही, याची नोंद झाली. शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे, दिवसरात्र. ते कौतुक योग्यच होते. ताई मात्र हे सगळे ऐकून एवढेच विचारते, की कपडे बदलायला तळघर का लागले? तिच्या स्वतःच्या नोकरीतली पहिली नऊ वर्षे कपडे बदलायची जागा म्हणजे लिननचे कपाट आणि भिंत यांच्यामधली फट होती.

पगाराचे थोडक्यात सांगतो. खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराचा प्रश्न त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, 1908 पासूनच्या ट्रेण्ड नर्सेस असोसिएशनने, सर्वोच्च न्यायालयात नेला. 2016 च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांखाली पगार नसावा. माझ्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या मुलीला मी तिचा पगार विचारला. तिने आकडा सांगितला नाही, हसली.

गेल्या पावसाळ्यात ताईने तिच्या जुन्या वह्या मला दिल्या. त्यात रुग्णांबद्दल काही नाही, तो सगळा वॉर्डाच्या सामानाचा हिशेब आहे. पाळी बदलताना चादरी, किडनी ट्रे, थर्मामीटर मोजून द्यायचे. थर्मामीटर फुटला, तर निर्लेखनाचा प्रस्ताव वर जाणार, तो परत येईपर्यंत डेडस्टॉकची जबाबदारी सिस्टरवर. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून स्वतःच्या पैशाने नवा आणणे सोपे. एका वहीच्या शेवटच्या पानावर 1991 पासून अशा खरेदीची तारीखवार नोंद आहे. सहा वर्षांत नऊ थर्मामीटर, दोन टॉर्च, एक कात्री. 1997 नंतर पान कोरे आहे. पुढे फुटणे थांबले का, असे मी विचारले. "नाही," ताई म्हणाली, "लिहिणं थांबलं."