मलावीच्या खडकांतले रंग

भिगवणच्या मासळी बाजारातून उजनीची चिलापी पिशवीत घालून नेणाऱ्याला ती परक्या मुलखातली आहे असं सांगितलं, तर पटकन पटणार नाही. पण चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तो मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि इथल्या धरणांत, तळ्यांत असा रुजला की आता त्याला उपरा म्हणायची सोय राहिली नाही. गोव्याचा कालुंदर मात्र अस्सल इथला. दोघांचं कूळ एकच, सिक्लिड. या कुळातल्या आणखी काही आफ्रिकी माशांच्या वाट्याला कालवण आलं नाही. ते काचेच्या टँकमध्ये गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानांत ‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे पिवळेजर्द, निळे, पट्टेरी मासे ते हेच. त्यांतले बहुतेक मूळचे एकाच सरोवरातले, मलावीतले.

पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीत पसरलेलं हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडांच्या ८०० हून अधिक जाती राहतात आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. किनाऱ्यावरच्या लोकांना त्यातला मोलाचा मासा म्हणजे चांबो, कारण तो खाण्याचा. खडकांत राहणाऱ्या बोटभर लांबीच्या एम्बुनांना त्या मानानं कोण विचारणार!

डेव्हिड लिव्हिंगस्टन सप्टेंबर १८५९ मध्ये या सरोवराशी पोहोचला. त्याच्या झांबेझी मोहिमेतला डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ जॉन कर्क यानं इतर नमुन्यांबरोबर मासेही गोळा केले. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथरकडे गेले आणि १८६४ मध्ये या सरोवरातल्या सिक्लिडांची पहिली वर्णनं छापून आली. पुढे १८९४ मध्ये ग्युंथरनं एका माशाला लिव्हिंगस्टनचं नाव दिलं. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा मासा तळाशी मेल्यासारखा आडवा पडून राहतो आणि कुरतडायला आलेल्या लहान माशांना मटकावतो. म्युझियममधल्या बरणीत बघून हे कळणं शक्यच नव्हतं.

बरणीत आणखी एक गोष्ट हरवत होती. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशाचे रंग उडतात, निळा आणि पिवळा दोन्ही मातकट होऊन जातात. त्याच म्युझियममधल्या जॉर्ज बुलेंजरनं १८९९ मध्ये एका एम्बुनाला ‘झेब्रा’ हे नाव दिलं, कारण पट्टे शिल्लक होते. कथबर्ट क्रिस्टीनं १९२५-२६ मध्ये गोळा केलेल्या प्रचंड साठ्यावर एथेलविन ट्रेवावस यांनी वर्षानुवर्षं काम केलं. दात, जबडे, खवल्यांच्या ओळी मोजत त्यांनी १९३५ मध्ये या सरोवरातल्या सिक्लिडांचा जो आराखडा मांडला, त्यावर पुढच्या सगळ्या अभ्यासाचा पाया उभा आहे. एवढं चिकाटीचं काम करणाऱ्या बाईंचं नाव मासे पाळणाऱ्या घराघरांत माहीत असायला हवं. लॅबिओट्रोफियस ट्रेवावसे या लोकप्रिय माशाच्या रूपानं ते निदान दुकानाच्या यादीत तरी आहे.

हे नाव देणारा जीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायर १९५० च्या दशकात सरोवराकाठच्या न्काटा बे इथं राहून काम करत होता. त्याला हे मासे जिवंत, खडकांवर चरताना दिसले. उन्हाच्या उजेडात खडकांवर शेवाळाची मऊ साय धरते. एम्बुना ती खरवडून खातात, आणि जातीगणिक खरवडायची रीत निराळी, दातही निराळे. खडकाचा आसरा सोडून उघड्या वाळूवरून पलीकडे जायला ते धजत नाहीत. त्यामुळे दोन खडकाळ पट्ट्यांच्या मध्ये वाळूची पट्टी आली, की अलीकडचा मासा एका रंगाचा आणि पलीकडचा दुसऱ्याच, असं होऊन बसतं. फ्रायरचा १९५९ चा प्रबंध आजही वाचला जातो तो याच निरीक्षणांमुळे.

साधारण याच सुमारास पहिले एम्बुना जर्मनीतल्या हौशी लोकांच्या हाती पडले. समुद्री प्रवाळांत शोभावेत असे रंग, आणि ठेवायचे मात्र गोड्या पाण्यात! १९६४ मध्ये मलावी स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये अमेरिकेत आणि १९७० मध्ये जर्मनीत सिक्लिडप्रेमींच्या संस्था निघाल्या, आणि मागणी वाढत गेली. मलावीत साळिमाजवळ कांबिरी पॉइंटला स्टुअर्ट ग्रँटनं मासे साठवायचे हौद बांधून निर्यातीचा जम बसवला. टांगानिका सरोवराच्या काठी, बुरुंडीतल्या बुजुंबुरात, बेल्जियमच्या पिएर ब्रिशार यानं तोच धंदा उभा केला.

पण धंद्याचा खरा भार पाण्याखाली उतरणाऱ्या मलावीच्या डायव्हरांवर होता. होडीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून ते खडकांच्या कपारीतले मासे जाळ्याकडे हुसकावत. खोलवर पकडलेला मासा एकदम वर आणला तर त्याचा वाताशय फुगून तो मरतो. म्हणून पिंप पाण्यातच ठेवून टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचं, मध्ये थांबायचं, पुन्हा थोडं वर घ्यायचं. एवढं झाल्यावर ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आणि विमान. कोणत्या खडकावर कोणता रंग आहे हे त्या डायव्हरांच्या डोक्यात होतं, आणि शास्त्रज्ञही त्यांनाच विचारून पाण्यात उतरत. ग्रँटचं नाव १९८५ मध्ये ऑलोनोकारा स्टुअर्टग्रँटी या ‘पीकॉक’ला मिळालं, त्याची पत्नी एस्थर हिचं १९९५ मध्ये ‘रेड झेब्रा’ला. पण त्याच्या डायव्हरांपैकी सौलोस म्वाले याचंही नाव १९९० मध्ये सिक्लिडांचे अभ्यासक अॅड कोनिंग्ज यांनी एका माशाला दिलं, आणि या यादीतली सर्वांत न्याय्य नोंद तीच. त्या सौलोसीचा नर निळा-काळा, मादी केशरी-पिवळी.

दुकानातला ‘यलो लॅब’ही याच डायव्हरांची देणगी. फ्रायरनं १९५६ मध्ये या जातीचं वर्णन केलं ते न्काटा बेच्या फिकट, पांढुरक्या माशांवरून. पिवळे मासे त्याच्या उत्तरेला राहतात. ग्रँटच्या माणसांना १९८० च्या आसपास त्यांतले मोजके हाती लागले, ते ब्रिशारकडे पोहोचले, आणि त्यानं बुजुंबुरात त्यांची पैदास केली. जगभर पसरलेले सुरुवातीचे यलो लॅब बहुतेक त्या मूठभर माशांचे वंशज. म्हणजे पहिला टँक मांडणाऱ्याला सगळे ज्या माशापासून सुरुवात करायला सांगतात, तो मलावीतून बुरुंडीला जाऊन मग जगात गेला.

टँक मांडायचे आजचे नियमही याच काळात, पुष्कळ मासे गमावून, ठरत गेले. चार-पाच मासे आणि चार झाडं अशी नेहमीची मांडणी एम्बुनांनी पार उधळली. झाडं उपटली गेली, आणि एक दांडगा नर सगळा टँक बळकावून बाकीच्यांना संपवू लागला. त्यातून उपाय निघाला तो उलटा वाटणारा, मासे वाढवायचे. गर्दी असली की मार एकावरच पडत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांचे ढीग वरपर्यंत, लपायला भरपूर कपारी, नवा मासा सोडताना दगडांची हलवाहलव. गर्दी म्हणजे घाणही जास्त, म्हणून मोठा फिल्टर आणि दर आठवड्याला पाणी बदलणं. निदान चार फुटी टँक हवाच. खाण्यात शेवाळापासून केलेलं खाद्य मुख्य. मांसाहारी खाद्य जास्त झालं, तर एम्बुनांची लांब आतडी बिघडून पोट फुगतं.

पाण्याच्या बाबतीत दख्खनचा रहिवासी थोडा नशीबवान आहे. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, आणि पठारावरच्या बोअरचं जड पाणी त्याच्या जवळपास जातं. ज्या क्षारांनी गिझर खराब होतो, ते या माशांना मानवतात. मुंबई-पुण्याचं धरणाचं मऊ पाणी असेल तर फिल्टरमध्ये कोरलचा किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा लागतो. मासे मात्र आता क्वचितच मलावीहून येतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास त्यांची पैदास होते आणि तिथून ते महाराष्ट्रातल्या दुकानांत पोहोचतात.

काचेमागून निरखण्याचा विज्ञानालाही फायदा झाला. मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे जवळपास उपाशी राहून पिलं सांभाळते. नराच्या शेपटीजवळच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी त्यांना अंडी समजून टिपायला जाते आणि त्याच वेळी तोंडातली अंडी फळतात, असं वोल्फगांग विकलरनं १९६२ मध्ये मांडलं.

नुकसानही झालं, आणि ते लपवण्यासारखं नाही. केप मक्लियरजवळच्या थंबी वेस्ट बेटाभोवती निर्यातदारांनी सोयीसाठी सरोवराच्या दुसऱ्या भागांतले एम्बुना सोडले. ते तिथं कायमचे झाले, आणि मूळच्या वस्तीची घडी बिघडली. सौलोसी चिझुमुलू बेटाच्या उत्तरेला तैवानी रीफ या एकाच खडकावर राहतो. मेलानोक्रोमिस चिपोके चिपोकाजवळच्या चिंदुंगा खडकांवर. दोघांचीही टँकसाठी इतकी पकड झाली की ते आता अतिसंकटग्रस्त गणले जातात. टँकमध्येही घोळ आहेच. जवळच्या जाती एकत्र ठेवल्या की संकर होतो, आणि ‘ओबी पीकॉक’सारखे मुद्दाम केलेले संकर दुकानात सर्रास मिळतात. ज्याला जात जपायची आहे त्यानं ‘मिक्स आफ्रिकन’चा टँक टाळून, मासा कोणत्या जागेच्या वंशातला हे विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

व्हिक्टोरिया सरोवरात काय झालं ते तर जगानं पाहिलं. १९५० च्या दशकापासून तिथं सोडलेला नाईल पर्च फोफावला आणि १९८० च्या दशकात सिक्लिडांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या काहींचे वंश प्राणिसंग्रहालयांच्या आणि हौशी लोकांच्या टँकमध्ये टिकून आहेत.

मलावीत १९८० मध्ये केप मक्लियरभोवती राष्ट्रीय उद्यान झालं, १९८४ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण ते सरोवराच्या लहानशा तुकड्यापुरतं. तैवानी रीफ आणि चिंदुंगा त्याच्या बाहेरच राहिले. उद्यानाच्या आतही, चांबो कमी झाल्यावर खडकांजवळ चोरून जाळी टाकली जाऊ लागली. ती अडकून फाटावीत म्हणून कोनिंग्ज आणि त्यांचे सहकारी तळावर काटेरी अडथळे सोडतात. त्याचा खर्च स्टुअर्ट ग्रँटच्या नावानं उभारलेल्या निधीतून होतो, आणि त्या निधीत पैसे घालणाऱ्यांत घरी सिक्लिड पाळणारे हौशी लोक मोठ्या संख्येनं आहेत.