मोराचे पीस आणि सॅल्मनची ‘माशी’

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांत नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या कोरड्या, काटेरी रानाला १९९४ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो प्रामुख्याने मोरांसाठी. याच तालुक्याच्या डोंगरांत मांजरा नदीचा उगम होतो. मांजरेच्या पाण्यात सॅल्मन मासा कधीच नव्हता आणि असणेही शक्य नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. तरीही त्याला गळाला लावण्यासाठी स्कॉटलंड, आयर्लंड आणि नॉर्वेच्या नद्यांवर जी पिसांची ‘माशी’ वापरली जाते, तिच्या घडणीत आपल्याकडील पक्ष्यांचा वाटा मोठा आहे.

माशी म्हणजे काय?

गळाच्या आकड्यावर रेशमी धाग्याने पिसे, लोकर, केस आणि चंदेरी-सोनेरी तार गुंडाळून केलेले आमिष म्हणजे ‘फ्लाय’. ही कल्पना प्राचीन आहे. लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे आकड्याला बांधून मासे धरण्याच्या मॅसिडोनियातील पद्धतीचे वर्णन ईलियन या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास केले आहे.

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावतात, कारण मासा भुकेपोटी तो गिळतो. सॅल्मनचे तसे नाही. समुद्रात वाढलेला हा मासा अंडी घालण्यासाठी नदीत परततो, तेव्हा तो जवळजवळ काहीच खात नाही. तरीही समोरून झळकत जाणाऱ्या वस्तूवर तो झडप घालतो. त्यामागे चीड असावी, जुनी सवय असावी किंवा कुतूहल असावे, असे तर्क केले जातात. म्हणूनच सॅल्मनची माशी कोणत्याही खऱ्या कीटकासारखी दिसत नाही. सी ट्राउट हा ब्राउन ट्राउटचाच समुद्रात जाऊन परतणारा प्रकार. तो फार बुजरा असल्याने त्याची मासेमारी बहुधा रात्रीच्या अंधारात केली जाते.

मोरपिसाची झळक

सी ट्राउटसाठी वापरली जाणारी ‘अलेक्झांड्रा’ ही जुनी माशी मोरपिसाशिवाय होत नाही. ब्रिटनच्या युवराज्ञी आणि पुढे राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांचे नाव तिला मिळाले. तिचे अंग चंदेरी तारेचे, गळपट्टा काळ्या कोंबडीच्या पिसाचा, तर पंख मोराच्या पिसाऱ्याच्या कडेच्या, तलवारीसारख्या वळलेल्या आणि डोळा नसलेल्या पिसांचे असतात. डोळ्याच्या पिसाचे सुटे तंतू इतर असंख्य माश्यांच्या अंगावर गुंडाळले जातात.

मोरपिसाचा हिरवा-निळा रंग हा खरे तर रंगद्रव्याचा नव्हे. पिसाच्या तंतूंतील अतिसूक्ष्म कणांच्या शिस्तबद्ध मांडणीवरून प्रकाश परावर्तित होतो आणि तो रंग दिसतो. मूळ द्रव्य तपकिरी-काळे असते. त्यामुळे पाण्यात माशी वळली की तिची झळक बदलते आणि ती जिवंत वाटते.

सह्याद्रीतील रानकोंबडा

दुसरे मोलाचे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या या पक्ष्याच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत, पिवळसर-पांढरे ठिपके असतात. माशीच्या दोन्ही बाजूंना ते बसवले की माशाच्या डोळ्याचा भास होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेल्या ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध सॅल्मन माशीतही हे पीस आहे. गंमत अशी की, या कारागिरीत ‘इंडियन क्रो’ नावाने ओळखले जाणारे लाल पीस भारतातलेही नाही आणि कावळ्याचेही नाही. ते दक्षिण अमेरिकेतील एका पक्ष्याचे आहे.

हौसेची किंमत

या पिसांचा हव्यास किती टोकाला जाऊ शकतो, हे जून २००९ मध्ये दिसले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून माशा बांधण्याच्या नादी लागलेल्या एका तरुण संगीत विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. त्यांपैकी अनेकांच्या नोंदीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या आणि त्यांचे शास्त्रीय मोल कायमचे गेले.

भारतात मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर कडक बंदी आहे आणि पिसांच्या निर्यातीलाही मनाई आहे. मात्र पिसाऱ्याच्या पिसांच्या देशांतर्गत व्यापाराला या कायद्यात सूट आहे. पावसाळा सरताना नराचा पिसारा आपोआप गळतो आणि ही पिसे गोळा करण्यात मोराला इजा होत नाही, हा त्यामागचा विचार. देवपूजेत आणि लोकजीवनात मोरपिसाला असलेले स्थान पाहता तो समजण्याजोगा आहे.

अडचण पुढे आहे. ओढून काढलेल्या पिसाच्या बुंध्याशी रक्ताचा अंश राहू शकतो, तर गळलेल्या पिसाचा बुंधा कोरडा असतो. पण बुंधा कापून टाकला की ही खूणच नाहीशी होते. मग बाजारातील पीस रानात वेचलेले की मारलेल्या मोराचे, हे सांगणे फार अवघड होते.

रानकोंबड्याच्या बाबतीत मात्र वेगळा मार्ग निघाला. निर्यात थांबल्यावर परदेशातील हौशी मंडळींनी हे पक्षी पाळून वाढवले. कृत्रिम ठिपक्यांची पिसेही आली आणि माशी त्यांच्यावरही चालते. नदीत उतरलेल्या सॅल्मनला खऱ्या-खोट्या पिसांचा भेद कळत नाही. तो कळतो फक्त माणसाला. आज तर सॅल्मनच संकटात आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने अटलांटिक सॅल्मनला ‘संकटसमीप’ गटात टाकले.

अवर्षणाच्या या जिल्ह्यात मोरापुढे पाण्याची टंचाई आणि शेतातील विषारी बियाणे हे प्रश्न आहेतच. त्यांत पिसाच्या मागणीची भर पडू नये. पीस विकत घेताना त्याचा बुंधा पाहावा आणि तो कापलेला असेल तर ते पीस घेऊ नये. एवढे तर शहरातील ग्राहकाच्याही हाती आहे.