धुराची बिअर

मराठीत ‘धुरकट’ हा शब्द कोणी कौतुकाने वापरीत नाही. चुलीवरच्या दुधाला धूर लागला की गृहिणी हळहळते, आणि त्या दुधाचा चहा पाहुण्यापुढे ठेवताना तिचा हात अडखळतो. एके काळी युरोपातील पुष्कळशा बिअरला हाच धूर लागलेला असे. मात्र तो दोष आहे असे तेथे फारसे कोणाच्या मनात येत नसे. बिअरची चवच तशी असते, अशी सर्वांची समजूत होती.

याचे कारण भट्टीत शोधावे लागते. बिअरसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मोड आले की ते धान्य वेळीच वाळवितात. या वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. उन्हाची शाश्वती नसलेल्या उत्तरेकडील देशांत धान्य वाऱ्यावर पसरावे किंवा आगीवर वाळवावे, एवढेच दोन मार्ग होते. आगीवर वाळवावयाचे म्हणजे खाली लाकडे पेटवावयाची आणि वर जाळीवर धान्य पसरावयाचे. जाळाची ऊब धान्याला मिळे, तसा धूरही मिळे. तो धूर पुढे पेल्यापर्यंत सोबत येई.

१६३५ साली इंग्लंडमध्ये सर निकोलस हॉल्स याने धूर न लागता माल्ट वाळविणाऱ्या भट्टीचे एकस्व मिळविले. पुढे कोक हे जवळजवळ निर्धूर इंधन हाती आले, आणि नंतर नुसत्या तप्त हवेवर चालणाऱ्या भट्ट्या निघाल्या. माल्ट स्वच्छ व एकसारखे मिळू लागले. मग धुराची चव राखण्याची कोणास गरज उरली? एकोणिसावे शतक संपेपर्यंत बहुतेक ठिकाणांहून ती नाहीशी झाली, आणि तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत.

अपवाद उरला तो जर्मनीतील बाम्बर्गचा. फ्रँकोनिया प्रांतातील हे शहर १००७ सालापासून बिशपचे पीठ आहे. तेथील दोन घराण्यांच्या मद्यशाळांनी मात्र आपली जुनी भट्टी विझू दिली नाही. एक ‘श्लेंकेर्ला’; हिच्या वास्तूचा उल्लेख १४०५ सालापासून सापडतो. दुसरी ‘स्पेत्सियाल’, १५३६ सालची. दोघीही आपले माल्ट बीच वृक्षाच्या लाकडावर स्वतःच वाळवितात. ‘श्लेंकेर्ला’ हे नाव तेथील एका जुन्या मालकाच्या हात झुलवीत डुलत चालण्यावरून पडले, असे सांगतात. गावाने ठेवलेले टोपणनाव असे पाटीवर चढल्याची उदाहरणे आपल्याकडेही काही कमी नाहीत. येथील धूर भांड्यांत आणि किण्वात इतका मुरला आहे की, धुराचे माल्ट मुळीच न घालता केलेल्या तेथील साध्या बिअरलाही त्याचा पुसट वास येतो.

पोलंडमधील ग्रोजिस्क गावाचे दैव इतके बलवत्तर नव्हते. तेथे ओकच्या धुरावर वाळविलेल्या गव्हाची हलकी, फेसाळ बिअर होत असे. बेनेडिक्टाइन संन्यासी बर्नार्ड याने प्रार्थना करून आटलेल्या विहिरीला पुन्हा पाणी आणले आणि त्या पाण्याने ही बिअर नावारूपास आली, अशी गावाची श्रद्धा. १९९३ साली तेथील अखेरचा कारखाना बंद पडला, आणि शतकांची एक चव बाजारातून उठली. घरी हौसेने बिअर करणाऱ्या मंडळींनी तिची कृती व किण्व यांचा शोध चालू ठेवला, म्हणूनच २०१५ मध्ये ती त्याच गावी पुन्हा होऊ लागली. व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली वस्तू हौशी लोकांनी उचलून ठेवावी, हे या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रकरण म्हटले पाहिजे.

अमेरिकेतही या हौशी लोकांचेच पाठबळ कामी आले. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्याची मुभा मिळाली, आणि त्यानंतरच्या काळात लहान लहान मद्यशाळा उभ्या राहिल्या. अलास्कातील जूनो येथील अशाच एका मद्यशाळेने १९८८ साली मासे धुरविण्याच्या भट्टीत आल्डरच्या लाकडावर माल्ट धुरवून काळी बिअर केली. बाम्बर्गची चव तेथे सामनच्या वाटेने पोहोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच देशात अंगणातल्या आगीचाही एक इतिहास घडत होता. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या मांस भाजण्याच्या लाकडी मांडवावरून स्पॅनिश भाषेत आला आणि तेथून इंग्रजीत. १९५२ साली शिकागोजवळच्या धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन याने समुद्रातील तरंगत्या खुणांसाठी बनणारा गोल तुकडा घेऊन त्याची झाकणाची शेगडी केली. वारा बाहेर राहिला, धूर आत राहिला, आणि रविवारची दुपार घराच्या मागच्या अंगणात मुक्कामाला आली.

अशा शेगडीपाशी धुराच्या बिअरचा पेला जवळ ठेवणाऱ्यास त्या दोहोंचे नाते समजावून सांगावे लागत नाही. लाकूड जळताना त्यातील लिग्निन फुटते व ग्वायाकॉल, सिरिंगॉल ही सुगंधी द्रव्ये निर्माण होतात. मांसावर बसतात ती हीच, आणि माल्टमध्ये मुरतात तीही हीच. डुकराच्या खांद्याचा तुकडा मंद निखाऱ्यावर तासन्‌तास शिजत असता, चरबीची जडता बिअरच्या कडवटपणाने कापली जाते आणि धुराला धूर ओळखीचा वाटतो. नाजूक माशाला मात्र बाम्बर्गची गडद बिअर झेपत नाही. त्याच्यासाठी ग्रोजिस्कची हलकी गव्हाची बिअर बरी. प्रथम घोटाला नाक मुरडणारे पुष्कळ असतात. श्लेंकेर्लाचे लोक अशांना पेला खाली ठेवू देत नाहीत; दुसरा घ्या, मग तिसरा घ्या, चव हळूहळू लागते, असा त्यांचा आग्रह असतो. तोवर शेगडीवरचे मांसही उतरावयास आलेले असते.