कोयता निघण्याआधी कागद हाती हवेत : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची तयारी दहावीतच करा

बीड तालुक्यातील लिंबागणेश आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. गावात आजी-आजोबा आणि शिकणारी मुले राहतात. अकरावीचे शिष्यवृत्ती अर्ज भरण्याची गडबडही बहुधा याच दिवसांत असते. उत्पन्नाच्या दाखल्याला वडील लागतात, ते कारखान्यावर. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, तोही त्यांच्याबरोबरच. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती गुणांपेक्षा कागदांपायी जास्त अडते, असे आम्हाला वाटते. म्हणून ही माहिती देत आहोत.

हा हक्क कुठून आला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ मध्ये व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा आग्रह त्यांनी तेथे धरला. १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. अर्ज करताना संकोच नको.

कोणाला, किती?

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पुढे अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न २ लाख ५० हजार रुपयांच्या आत हवे. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क अशा सक्तीच्या शुल्कांसोबत निर्वाह भत्ताही मिळतो. २०२१-२२ पासून अकरावी-बारावीसाठी हा भत्ता घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला २,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ४,००० रुपये आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी अनुक्रमे ३,००० आणि ६,००० रुपये. वैद्यकीय, अभियांत्रिकी पदवीसाठी तो आणखी जास्त आहे.

उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तरी निराश होऊ नका. राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती होते, फक्त निर्वाह भत्ता मिळत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास लाभ मिळत नाही.

दहावीत ७५ टक्के किंवा जास्त गुण असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचाही अर्ज करावा. अकरावी-बारावीत दरमहा ३०० रुपये, वर्षातून दहा महिने मिळतात. तिला उत्पन्नाची अट नाही.

दहावीच्या वर्षात काय करावे?

१. शाळेच्या रजिस्टरवरील नोंद पाहा. नाव, जन्मतारीख आणि जात यांचा मेळ आधारशी बसतो का, ते तपासा. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती फार अवघड जाते.

२. जातीचा दाखला काढा. तो उपविभागीय अधिकारी देतात, अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून होतो. धर्म बौद्ध असला तरी पूर्वीच्या अनुसूचित जातीचा पुरावा लागतो आणि तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याशी जोडलेला असावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचे जुने कागद शोधून ठेवा. वडील, चुलते किंवा आत्या यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत जपून ठेवा.

३. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडा आणि बँकेत जाऊन ते आधारशी जोडून घ्या. शिष्यवृत्ती थेट आधार जोडलेल्या खात्यात येते.

४. आधारला घरी राहणाऱ्याचा मोबाईल क्रमांक जोडा. नेट कॅफेवाल्याचा नंबर देऊ नका. महाडीबीटीचे युजरनेम व पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

५. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तो एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान, पालक गावात असतानाच काढा.

अर्ज केल्यावर

अर्ज आधी महाविद्यालयाकडे आणि तेथून समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. त्रुटी निघाली की तो परत विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये येतो, पण घरी येऊन कोणी सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन उघडून बघावे. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि वर्गात ७५ टक्के हजेरी हवी. शुल्काची रक्कम खात्यात आली की ती ताबडतोब महाविद्यालयात भरून पावती घ्यावी. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर जात पडताळणी समितीकडे अकरावी-बारावीतच अर्ज करावा.

राहण्याची सोय नसेल तर

शिक्षणासाठी बीडला किंवा बाहेरगावी जावे लागले, तर आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. तेथे जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजनेच्या मूळ दरांनुसार बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास वर्षाला ४३,००० आणि पुण्या-मुंबईत ६०,००० रुपये मिळतात. तिच्या गुणांच्या व इतर अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे.

आमची एक सूचना आहे. दहावीचा निकाल लागला की प्रत्येक गावातील शिकलेल्या तरुणांनी एक रविवार बुद्ध विहारात बसावे आणि येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचे कागद एकेक करून तपासावेत. कोणाचा कोणता दाखला राहिला, त्याची यादी करावी आणि टोळ्या निघण्याआधी ती पूर्ण करावी. एवढ्या कामाला निधी लागत नाही.

जयभीम!