समुद्र पार झाला, पण शेवटचे शंभर मीटर अवघड! शिडाची बोट मरीनात परत कशी येते?

आठ दिवस शिडाच्या बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून आलेल्या माणसाला विचारा, सगळ्यात जास्त धडधड कधी झाली? अनेकदा उत्तर येतं, ‘परत आल्यावर, बोट जागेवर लावताना.’

ऐकायला विचित्र वाटेल. पण समुद्रात चूक झाली, तर ती सुधारायला जागा असते. मरीनात एका बाजूला धक्का, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची बोट आणि खाली चिखल. त्यात माणसं थकलेली. आणि ‘आपलंच तर आहे’ म्हणून निर्धास्तही.

मरीना म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर बोटींचं पार्किंग. लाटा अडवायला बंधारा, आत भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के, प्रत्येक बोटीला ठरलेली जागा, शिवाय वीज आणि पाण्याची सोय.

भारतात अशा जागा मोजक्याच आहेत. कोचीत बोळगट्टी बेटावर केरळ पर्यटन विकास महामंडळाचं मरीना आहे. मुंबईत गेटवेसमोर दिसणाऱ्या शिडाच्या बोटी मात्र धक्क्याला नाही, तर पाण्यातल्या बोयांना बांधलेल्या असतात. तिथून छोट्या होडीनं किनारा गाठावा लागतो.

घड्याळ नाही, भरती बघायची

शिडाच्या बहुतेक मोठ्या बोटींच्या तळाला एक जड पातं असतं. त्याला कील म्हणतात. वाऱ्यानं बोट उलटू नये म्हणून ते लागतं, पण त्यामुळे बोटीला खोल पाणीही लागतं.

समजा, बोट २ मीटर पाण्यात बुडते. नकाशावर मरीनाच्या तोंडाशी खोली १ मीटर आहे. मग बोट आत जाणार कशी? तर नकाशातली खोली साधारण सगळ्यात कमी पाण्याची असते. त्यात भरतीच्या तक्त्यातला आकडा मिळवायचा. भरतीचं पाणी ३ मीटर असेल, तर खोली झाली ४ मीटर. बोट आरामात जाते. तोच आकडा अर्ध्या मीटरवर आला, तर खोली दीड मीटर. बोट रुतली.

म्हणूनच शक्यतो पाणी चढत असताना आत शिरतात. चढत्या पाण्यात बोट टेकली, तरी थोड्या वेळानं आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत कित्येक तास तिथंच.

कोकणात यासाठी जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. अर्थात हा झाला अंदाज. बोट आत घालायची, तर त्या बंदराचा तक्ताच बघावा लागतो.

काही ठिकाणी हे गणित फारच कडक असतं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर पाणी १२ मीटरपर्यंत वर-खाली होतं. तिथल्या सेंट हेलियर मरीनाच्या तोंडाशी उंबरठा बांधलाय. ओहोटीला आतलं पाणी अडतं, बोटी तरंगत राहतात. पण उंबरठ्यावर पुरेसं पाणी चढेपर्यंत बाहेरच्या बोटीनं थांबायचं.

लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

बंदराच्या वाटेवर लाल आणि हिरवे बोये असतात. भारतात समुद्राकडून आत येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. बाहेर जाताना उलट. अमेरिका, जपान, फिलिपिन्स अशा देशांत मात्र आत येताना लाल उजवीकडे असतो.

रात्री अडचण वाढते. मागे शहराचे इतके दिवे असतात, की बोयाचा लुकलुकणारा दिवा त्यांत हरवून जातो.

बोटीला ब्रेक नसतो

आत शिरण्याआधी, मोकळ्या पाण्यातच शिडं उतरवतात. इंजिन पुढे-मागे दोन्ही गिअरमध्ये चालवून बघतात. नांगर तयार ठेवतात, कारण इंजिन ऐनवेळी बंद पडलं तर तोच आधार. बाजूला फेंडर लटकवतात. गेटवेच्या लाँचना टायर बांधलेले असतात, त्याच कामासाठी.

खरी कसरत वेगाची. जास्त वेग असेल तर धडक. फार कमी असेल तर सुकाणू काम करत नाही, कारण त्याला वळवण्याची ताकद वाहत्या पाण्यातूनच मिळते. म्हणून वारा आणि प्रवाह यांत जो जोरात असेल, त्याच्या तोंडावर बोट नेतात. तो बोटीला आपोआप थोपवतो.

आणखी एक गंमत. रिव्हर्स टाकला की पंख्याच्या फिरण्यामुळे बोटीची मागची बाजू एका अंगाला सरकते. सराईत माणूस याचाच फायदा घेऊन तिला धक्क्याला टेकवतो.

हात मध्ये घालायचा नाही!

अनेक टनांची बोट चालण्याच्या वेगानं आली, तरी माणसाच्या हातानं थांबत नाही. धक्का आणि बोट यांच्यामध्ये घातलेला हात किंवा पाय चिरडू शकतो. म्हणून नियम साधा: मध्ये फेंडर जाईल, माणूस नाही. बोट टेकण्याआधी उडीही मारायची नाही. जुळत नसेल, तर बाहेर जाऊन पुन्हा यायचं. त्यात कमीपणा नाही.

ओळखीच्या जागेचा धोका

जागा ओळखीची असली, तरी पाणी दर वेळी वेगळं असतं. पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा सरकलेला असू शकतो. बोया हलवलेला असू शकतो. आपल्या जागेवर दुसरीच बोट उभी असू शकते. त्यामुळे जाणकार आधी रेडिओवरून मरीनाला विचारतात आणि ठाऊक असलेली वाटही नकाशावर पुन्हा बघतात.

दोर बांधले, पण एक काम बाकी

निघताना घरी किंवा मित्राला परतीची वेळ सांगितली असेल, तर पोहोचल्याचा फोन करायचा. तो राहिला, तर तिकडे काळजी सुरू होते आणि कदाचित शोधही. उलट किनाऱ्यावर थांबलेल्यांना ठरलेल्या वेळेनंतरही काही कळलं नाही, तर त्यांनी भारतीय तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं. बोट कुठून निघाली, कुठे जाणार होती, रंग कोणता, माणसं किती, एवढी माहिती लिहून ठेवलेली असली, तर शोध लवकर लागतो.