लिबरेटर विमानाचें ओझें

कोपरगांवचा गाडीवानहि जाणतो कीं, मजल लांबली म्हणजे वैरण अधिक घ्यावी लागते आणि माल कमी भरावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांतील चार इंजिनांच्या लिबरेटर विमानाचा हिशेब असाच होता. सुमारें ४०० मैलांवर मारा करावयाचा तर तें ८,००० पौंड बॉम्ब नेई. १,२०० मैलांवर अवघे २,७००. बाकीचें वजन पेट्रोलचें!

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनीं हीं विमानें कानपुरास निकामी करून टाकलीं. इकडे १९४८ सालीं काश्मिरांत, मालवाहू डाकोटाच्या दारांतून बॉम्ब हातांनीं ढकलण्याची पाळी हवाई दलावर आली. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें कानपुरचें तें भंगार दुरुस्त केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांवर पांचवें पथक उभें राहिलें व पुढें पुण्यास आलें. टाकून दिलेलीं हीं विमानें १९६८ पर्यंत उडत होतीं.